सीसीचा आकडा नको, थर विचारा

स्वतःच्याच अंगाची चरबी काढून दुसऱ्या जागी भरून घेण्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा आकड्याचा असतो. किती सीसी, म्हणजे मिलिलिटर, भरणार? जाहिरातीही तोच आकडा ठळक छापतात: पोट-कंबर सगळीकडून काढणार, दोन्ही नितंबांत इतके सीसी भरणार, सकाळी दाखल, संध्याकाळी घरी, सगळे मिळून एवढे पैसे. वाण्याकडे किलोचा भाव विचारावा तसा हा व्यवहार झाला आहे. आमचे म्हणणे असे, की या शस्त्रक्रियेत आकड्याइतका कमी उपयोगाचा तपशील दुसरा नाही. चरबी कातडीखालच्या कुठल्या थरात जाणार, ती घालणारा हात कोणाचा, आणि घालताना नळीचे टोक त्याला दिसत असणार की तो अंदाजाने चालणार, यावर माणूस धडधाकट घरी जातो की नाही हे ठरते. आणि हे तीन प्रश्न विचारण्याचा भार एकट्या रुग्णावर टाकून चालणार नाही. ते आपल्याकडच्या नियमांत लिहिलेले असले पाहिजेत.

"आपलीच तर चरबी आहे, मग धोका कसला?" हे वाक्य सर्रास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. शरीर स्वतःची चरबी परकी म्हणून नाकारत नाही, तिची ॲलर्जी येत नाही, सिलिकॉनसारखी काही वर्षांनी ती बदलावी लागत नाही. इथपर्यंत ठीक. पण शिरेत शिरलेली चरबी स्वतःची की परक्याची, हे फुप्फुसाला कळत नाही. ती रक्तवाहिनी बुजवते ती बुजवतेच.

आधी ही चरबी नव्या जागी जगते कशी ते पाहू, कारण सीसीच्या आकड्याचा फोलपणा तिथेच कळतो. भाताची लावणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन उमजेल. रोपे वाफ्यातून उपटली की मुळे तुटतात. दोन-चार काड्या सुट्या करून चिखलात अंतराने लावल्या तर त्या धरतात, अख्खी पेंढी एकाच जागी खोचली तर कडेच्या चार काड्या जगतात आणि मधल्या कुजतात. चरबीचे तसेच आहे. पोटातून किंवा मांडीतून शोषून काढलेल्या पेशींचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. नव्या जागी पहिले काही दिवस त्या आजूबाजूच्या पेशीजालातून झिरपणाऱ्या प्राणवायूवर तग धरतात, तोवर बारीक रक्तवाहिन्या त्यांच्यापर्यंत पोचायला हव्यात. जपानी संशोधकांनी या कलमाचे बारकाईने निरीक्षण केले तेव्हा दिसले ते असे: चरबीच्या कणाचा अगदी बाहेरचा, जेमतेम ०.३ मिलिमीटरचा थर जसाच्या तसा जगतो. त्याच्या आतल्या पट्ट्यात जुन्या पेशी मरतात पण मूळपेशींपासून (स्टेम सेलपासून) नव्या तयार होतात. त्याहून आत सगळे मरते. म्हणजे कण दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड झाला की त्याचा गाभा गेलाच म्हणून समजा. मेलेला गाभा लहान असेल तर शरीर तो जिरवते. मोठा असेल तर त्याचे तेल होते, तेलाभोवती पिशवी बनते, पिशवीच्या भिंतीत चुना साठतो आणि वर्षभराने हाताला गाठ लागते.

जर्मन शल्यविशारद गुस्ताव नॉयबर यांनी १८९३ मध्ये दंडातली चरबी चेहऱ्यावरच्या खोलगट व्रणात बसवली. लहान तुकडे टिकतात, मोठे टिकत नाहीत, हे तेव्हाच लक्षात आले होते. १९९० च्या दशकात न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी यावरून शिस्तशीर पद्धत बांधली: बोथट टोकाच्या नळीने कमी दाबाने चरबी काढा, मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या यंत्रात ३ मिनिटे फिरवून गाळा, आणि भरताना नळी मागे खेचत खेचत अगदी थोडी थोडी सोडा. चेहऱ्यावर एका फेरीत ०.१ मिली किंवा त्याहूनही कमी. गाल भरायला शंभर फेऱ्या लागल्या तर त्या शंभर घ्यायच्या. हे वेळखाऊ काम आहे. पाऊण तासात सगळे उरकू असे कोणी सांगत असेल तर तो ढिगाने भरतो आहे एवढे ओळखावे.

आता सिरिंजकडे जवळून बघा. चरबी भरलेली १० मिलीची सिरिंज टोक खाली करून उभी ठेवली की थोड्या वेळात तिच्यात तीन थर दिसू लागतात. तळाशी लालसर पाणी, म्हणजे टोचलेले द्रव आणि रक्त. मधे पिवळे, लोण्यासारखे दाणेदार, हीच कामाची चरबी. वर स्वच्छ तेल, म्हणजे फुटलेल्या पेशींचे. तळाचे पाणी सोडून द्यायचे, वरचे तेल टिपून घ्यायचे, मग जे उरेल ते मोजायचे. कोणी ही मोजणी गाळण्याआधी करतो, कोणी नंतर. त्यामुळे एका ठिकाणचे ८०० सीसी आणि दुसऱ्या ठिकाणचे ५०० सीसी यांत जास्त चरबी कुठे गेली, हे नुसत्या आकड्यावरून कोणालाच सांगता येणार नाही. त्यातली टिकते किती, याचे अभ्यासांतले आकडे साधारण ३० पासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेले आहेत. पहिल्या महिन्यातला फुगवटा सुजेचा असतो. खरा आकार तीन महिन्यांनंतर दिसू लागतो, सहाव्या महिन्यात स्थिरावतो. "जास्त भरून ठेवतो, निम्मी जिरेलच" या हिशेबात जिरणारी चरबी वाढते, टिकणारी वाढत नाही. जागेच्या मानाने जास्त कोंबले की आतला दाब वाढून रक्तपुरवठाच आवळला जातो.

चरबी काढण्याच्या टप्प्याकडे रुग्णाचे लक्ष कमी असते, पण तिथेही बरेच बिघडू शकते. काढण्याआधी त्या भागात भरपूर द्रव टोचतात. कॅलिफोर्नियातले त्वचातज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८० च्या दशकात बसवलेल्या मिश्रणात एक लिटर सलाइनमध्ये ५०० मिलिग्रॅम लिग्नोकेन, १ मिलिग्रॅम ॲड्रिनलिन आणि थोडा सोडा असतो. आजही बहुतेक ठिकाणी याचेच फेरफार वापरतात. लिग्नोकेनने बधिरता येते. ॲड्रिनलिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून टोचल्यावर निदान दहा-पंधरा मिनिटे थांबायचे असते, नाहीतर रक्त जास्त जाते. क्लाइन यांनी सांगितलेली लिग्नोकेनची सुरक्षित मर्यादा वजनाच्या दर किलोला ३५ मिलिग्रॅम. पुढे ५५ पर्यंतची मर्यादाही मान्य झाली. साठ किलोच्या बाईला ३५ च्या हिशेबाने २१०० मिलिग्रॅम, म्हणजे हे मिश्रण जेमतेम चार लिटर. पोट, कंबर, पाठ, मांड्या सगळे एकाच दिवशी करायचे ठरले तर हा हिशेब बघता बघता ओलांडला जातो.

आणि इथेच "सकाळी या, संध्याकाळी घरी" या वाक्याची खरी अडचण आहे. अशा तऱ्हेने टोचलेले लिग्नोकेन चरबीतून हळूहळू रक्तात उतरते आणि त्याची पातळी सर्वांत वर जाते ती साधारण ८ ते १६ तासांनी. सकाळी अकराला टोचले तर रात्री, घरी, सगळे झोपल्यावर. ओठ-जीभ बधिर होणे, तोंडात धातूसारखी चव येणे, कानात गुणगुण, असंबद्ध बोलणे आणि मग झटके, या क्रमाने विषबाधा पुढे सरकते. तिच्यावर उतारा आहे, २० टक्के लिपिड इमल्शन शिरेतून देणे. पण तो रुग्णालयात असतो, घरच्या फ्रीजमध्ये नव्हे. म्हणून चरबी मोठ्या प्रमाणात काढायची असेल, विशेषतः द्रव धरून एकूण पाच लिटरच्या पुढे, तर ती रात्र रुग्णालयात देखरेखीखाली काढलीच पाहिजे. "भूल नाही, जागेपणीच करतो, म्हणून सुरक्षित" असेही हल्ली ठासून सांगतात. थोड्या चरबीसाठी ते बरोबर आहे. पण मोठ्या कामात भूल वगळणे म्हणजे बरेचदा भूलतज्ज्ञ वगळणे असते. नाडी, रक्तदाब, प्राणवायू यांकडे डोळे लावून बसलेला आणि श्वास थांबला तर नळी घालू शकणारा तोच एक माणूस त्या खोलीत असतो. त्याची फी वाचवण्यात रुग्णाचे हित नाही.

शोषणाच्या नळीने पोटाची भिंत भेदून आतडे फाटल्याच्या घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या आहेत. बेंबीजवळ लहानसा हर्निया असेल, सिझेरियनच्या किंवा आधीच्या ऑपरेशनच्या टाक्यांतून पोटाची भिंत सैल झालेली असेल, तर हा धोका वाढतो. तेव्हा जुनी ऑपरेशने लपवू नका आणि पोटाची सोनोग्राफी आधी करून घ्या.

आता नितंबांकडे येऊ. ब्राझिलियन बट लिफ्ट या नावाने विकली जाणारी शस्त्रक्रिया म्हणजे उचलणे-ताणणे नव्हे, नितंबांत चरबी भरणे आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सौंदर्यशल्यतज्ज्ञांच्या कृती गटाने जगभरच्या शल्यविशारदांना विचारून केलेली पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा साधारण ३००० शस्त्रक्रियांमागे एक मृत्यू असा अंदाज निघाला. निरोगी, बहुतेक तरुण बायका, केवळ आकारासाठी केलेली शस्त्रक्रिया आणि हे प्रमाण. २०१८ मध्ये अनेक देशांच्या संघटनांनी मिळून तातडीचा इशारा दिला, आणि ब्रिटनच्या सौंदर्यशल्यतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना ही शस्त्रक्रिया करणेच थांबवायला सांगितले.

मृत्यूचे कारण शवविच्छेदनात सापडले. चरबीमुळे दगावलेल्या या रुग्णांत चरबी स्नायूच्या आत किंवा स्नायूच्या खाली गेलेली होती. फक्त कातडीखालच्या थरात चरबी असलेला असा एकही मृतदेह आढळला नाही. नितंबाच्या मोठ्या स्नायूखालून बोटाएवढ्या जाड, पातळ भिंतीच्या शिरा जातात. त्या पोटातल्या मोठ्या शिरेला आणि तिथून थेट हृदयाला मिळतात. नळी स्नायूत शिरली की ती शीर फाटू शकते. ती फाटली नाही तरी स्नायूत दाबाने कोंबलेली चरबी वाट काढत खाली सरकते आणि शिरेला भगदाड पडले की आत ओढली जाते. काही मिनिटांत ती हृदयातून फुप्फुसात पोचते, प्राणवायूची पातळी धाडकन खाली येते, हृदय थांबते. त्या क्षणी काढून घेता येईल असे काही उरत नाही.

पूर्वी स्नायूत चरबी भरण्यामागे एक तर्क होता, की स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, तेव्हा चरबी जास्त टिकेल. तो तर्क आता सोडून दिला आहे. पण "आम्ही स्नायूत जातच नाही" एवढे तोंडी आश्वासन पुरते का? पुरत नाही, आणि याचा धडा फ्लोरिडाने दिला आहे. तिथल्या वैद्यकीय मंडळाने २०१९ मध्येच स्नायूत चरबी भरायला बंदी केली. मृत्यू थांबले नाहीत. दक्षिण फ्लोरिडात २०१० ते २०२२ या काळातल्या अशा २५ मृत्यूंचा अभ्यास झाला. त्यांतले जवळपास सगळे, दिवसाला अनेक शस्त्रक्रिया स्वस्तात उरकणाऱ्या केंद्रांतले होते. यातले बंदीनंतरचे शल्यविशारदही आपण कातडीखालीच आहोत असे समजत असणार. रुग्ण पालथा, टेबल जरा वाकलेले, हात दमलेला, नळी लांब. तिचे टोक दोन-तीन अंशांनी खाली झुकले तरी पंधरा सेंटिमीटर पुढे ते स्नायूच्या आवरणापलीकडे गेलेले असू शकते, आणि हाताला ते कळत नाही. मग २०२२ मध्ये फ्लोरिडाने पुढचे पाऊल टाकले: एका शल्यविशारदाने दिवसात जास्तीत जास्त तीन, आणि चरबी भरताना सोनोग्राफी. २०२३ मध्ये राज्याने याविषयी कायदा केला. ब्रिटनच्या संघटनेनेही २०२२ मध्ये आपली भूमिका बदलली, पण अट हीच: चरबी फक्त कातडीखाली, आणि तीही सोनोग्राफीच्या डोळ्यासमोर.

सोनोग्राफीच्या पडद्यावर हे फार स्पष्ट दिसते. वर कातडीची उजळ रेघ, तिच्याखाली करडा, मऊ चरबीचा थर, त्याच्या तळाशी स्नायूच्या आवरणाची लखलखीत पांढरी रेघ, आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचा स्नायू. नळी म्हणजे त्या करड्या थरातून सरकणारी एक चमकदार काडी. पांढऱ्या रेघेच्या वर आहे तोवर सोडा, रेघेला टेकली की थांबा. शिवाय नळी जाड, चार मिलिमीटर किंवा अधिक, न वाकणारी आणि बोथट असावी लागते, कारण बारीक नळी वाकून भलतीकडे जाते.

याला विरोधी युक्तिवाद आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. इशाऱ्यानंतर झालेल्या दुसऱ्या पाहणीत मृत्यूचे प्रमाण साधारण १५,००० मागे एक इतके खाली आले. पोट आवळण्याच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेसारखेच झाले, मग आता एवढी सक्ती कशाला, असे काही जण म्हणतात. आमचे उत्तर असे, की ज्यांनी पद्धत बदलली त्यांच्यामुळे ते प्रमाण खाली आले. ज्यांनी बदलली नाही त्यांच्या टेबलावरचा रुग्ण अजून जुन्याच धोक्यात आहे, आणि कोण कुठल्या गटात आहे हे रुग्णाला बाहेरून दिसत नाही. नियमाची गरज त्यासाठीच आहे.

आपल्याकडे सोनोग्राफीची आणखी एक अडचण पुढे केली जाते. गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली सोनोग्राफी यंत्राची आणि जागेची नोंदणी करावी लागते, आणि छोटे यंत्र उचलून हवे तिथे नेता येत नाही. हा कायदा आवश्यक आहे, त्यात सूट मागण्याचा प्रश्नच नाही. पण याचा अर्थ एवढाच, की ज्या ठिकाणी नोंदणीकृत यंत्र आहे अशाच रुग्णालयात नितंबांची शस्त्रक्रिया व्हावी. भुलेची नस शोधायला, हृदय तपासायला कितीतरी रुग्णालये शस्त्रक्रियागृहात (ओटीत) रीतसर सोनोग्राफी वापरतात. ज्यांना ती नोंदणी जमत नाही त्यांनी ही एक शस्त्रक्रिया करू नये. महाराष्ट्रात शासनाने आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने मिळून एवढे तरी लिखित करावे: नितंबांत चरबी भरताना सोनोग्राफी सक्तीची, तिची चित्रफीत रुग्णाच्या कागदपत्रांत ठेवलेली, आणि एका हाताला दिवसातल्या शस्त्रक्रियांची मर्यादा. मृत्यू मोजायला लागल्यावर नियम करण्याची फ्लोरिडाची चूक आपण पुन्हा करू नये.

चेहऱ्याला चरबी फार कमी लागते, म्हणून तो प्रकार निरुपद्रवी वाटतो. तसा तो नाही. भुवयांमधली जागा, नाक, कपाळ आणि नाकाच्या कडेपासून ओठाकडे येणारी घडी, इथल्या धमन्यांचे डोळ्याच्या धमनीशी धागेदोरे आहेत. धारदार सुई धमनीत शिरली आणि दाबाने चरबी सोडली तर ती उलट्या दिशेने डोळ्याच्या पडद्यापर्यंत, क्वचित मेंदूपर्यंत जाते. त्या डोळ्याची दृष्टी गेली तर ती सहसा परत येत नाही, कारण दृष्टिपटल रक्ताशिवाय तास-दीड तासापेक्षा जास्त टिकत नाही. चेहरा भरायला टोचतात तो हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर चुकीच्या जागी गेला तर तो विरघळवणारे इंजेक्शन निदान असते. चरबीला असा उतारा नाही. म्हणून चेहऱ्यावर बोथट नळी, लहान सिरिंज, टोक मागे खेचतानाच सोडणे या तीन गोष्टींशिवाय कोणी हात लावू नये, आणि ब्युटी पार्लरला जोडलेल्या खोलीत तर मुळीच नाही.

स्तनांच्या बाबतीत प्रश्न जिवाचा कमी आणि निदानाचा जास्त आहे. मेलेल्या चरबीतल्या चुन्याचे ठिपके मॅमोग्राफीत कर्करोगाचा संशय निर्माण करतील, या भीतीने अमेरिकेच्या प्लास्टिक सर्जरी संघटनेने १९८७ मध्ये स्तनांत चरबी भरण्याला विरोध केला होता. अनुभवी क्ष-किरणतज्ज्ञाला हे ठिपके बहुतेक वेळा वेगळे ओळखता येतात हे दिसल्यावर २००९ मध्ये ती भूमिका सैल झाली. तरीही शस्त्रक्रियेआधीची मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी हवी, म्हणजे पुढे तुलना करता येते. आणि नंतर कुठल्याही तपासणीला गेल्यावर "इथे चरबी भरली आहे" हे स्वतःहून सांगितले पाहिजे. कित्येक जणी संकोचाने सांगत नाहीत आणि मग नाहक सुईची तपासणी वाट्याला येते. घरात आई-बहिणीला स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर आधी त्या दृष्टीने सल्ला घ्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, की आम्ही चरबी भरण्याच्या विरोधात नाही. कर्करोगाने स्तन काढल्यावर, किरणोपचाराने कडक झालेल्या छातीवर, भाजल्याच्या व्रणाखाली, अर्धा चेहरा आक्रसत जाणाऱ्या आजारात या शस्त्रक्रियेने जे साधते ते दुसऱ्या कशाने क्वचितच साधते. अशा दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेला अपघात, भाजणे, कर्करोग या कारणांसाठी विमा मिळू शकतो, निव्वळ सौंदर्यासाठी मिळत नाही. सौंदर्यशस्त्रक्रियेवर वस्तू व सेवा करही लागतो, जन्मजात व्यंग किंवा इजा दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रियेवर लागत नाही. तेव्हा बिलावर आणि कागदांवर कारण काय लिहिले आहे ते नीट वाचा.

मग करणारा कोण? "कॉस्मेटिक सर्जन" ही पदवी नाही, पाटी आहे. भारतात प्लास्टिक सर्जरीची पदवी म्हणजे एम.सीएच. किंवा त्या विषयातली डीएनबी अथवा डीआरएनबी. ही पदवी नोंदणीत चढवलेली आहे की नाही हे कौन्सिलच्या नोंदवहीत नाव घालून तपासता येते, आणि तपासण्यात कोणाचा अपमान नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केसरोपण आणि सौंदर्यशस्त्रक्रियांबाबत सांगितलेच आहे, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे हे प्रशिक्षण नव्हे. जागेबाबत: रुग्णालयाची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली झालेली असली पाहिजे, आणि तिचे प्रमाणपत्र दर्शनी भागात दिसले पाहिजे. अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, की रुग्णवाहिका बोलवावी लागेल, हेही विचारा. आणि ज्या डॉक्टरने सल्ला दिला तोच हात लावणार की त्याच्या नावावर दुसरा कोणी, हे संमतीपत्रावर लिहून घ्या. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले, की एका शस्त्रक्रियेची संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही. पोटाची चरबी काढायला सही केली आणि भुलेत असताना "उरली होती म्हणून" नितंबांत भरली, हे चालणार नाही. कोरे किंवा फक्त इंग्रजीतले संमतीपत्र ऐन सकाळी, अंगावर ओटीचा गाऊन असताना पुढे केले, तर सही करू नका. ते निदान दोन-चार दिवस आधी, मराठीत, घरी वाचायला मिळाले पाहिजे.

तयारीत सर्वांत जास्त लपवली जाणारी गोष्ट म्हणजे तंबाखू. निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते, आणि नव्या जागी रक्तवाहिन्यांची वाट बघत असलेल्या पेशींना नेमके तेच मारक. सिगारेट मोजली जाते, पण मिश्री मोजली जात नाही. गुटखा, मावा आणि सकाळी दाताला लावलेली मिश्री हे सगळे निकोटीनच आहे. निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर ते बंद हवे. दुसरी लपून राहणारी गोष्ट, गर्भनिरोधक गोळ्या आणि सणावारासाठी किंवा प्रवासासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या. दोन्हींनी पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दुकानातून स्वतःच आणलेल्या गोळ्याही डॉक्टरला सांगा. वजन काही महिने स्थिर असावे, कारण भरलेली चरबी जिवंत असते. पुढे वजन वाढले की तीही वाढते. पोटाची चरबी गालात गेली तरी ती पोटाच्याच स्वभावाने वागते.

परदेशात राहणारे आपले लोक सुट्टीत इकडे येऊन शस्त्रक्रिया उरकतात, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. मोठ्या प्रमाणात चरबी काढल्यावर काही दिवसांतच दहा-बारा तासांचे विमान म्हणजे गुठळीला आमंत्रण. आणि क्षयाच्या जंतूंच्या कुळातले, पण क्षय न करणारे काही जंतू (नॉनट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया) पाण्यातून किंवा नीट न धुतलेल्या नळीच्या पोकळीतून आत जातात. त्यांच्या गाठी चार-सहा आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा उठतात. साध्या औषधांनी त्या बऱ्या होत नाहीत, साध्या तपासणीत जंतू सापडत नाहीत, आणि उपचार महिनोनमहिने चालतात. तोवर रुग्ण विमानाने निघून गेलेला असतो. स्वस्तातल्या शस्त्रक्रियेसाठी डोमिनिकन रिपब्लिकला गेलेल्या अमेरिकनांना हे संसर्ग वारंवार झाले. २००९ ते २०२२ या काळात तिथे सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर ९३ अमेरिकन नागरिक दगावल्याची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने केली आहे. उशिरा गाठ उठली तर तुम्ही राहता तिथल्या डॉक्टरला "या जंतूंचे कल्चर करा" असे स्पष्ट सांगा. आणि नळ्या नुसत्या रसायनात बुडवतात की ब्रशने घासून ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर घालतात, हे शस्त्रक्रियेआधीच विचारा.

घरी गेल्यावर दाबाचा पट्टा चरबी काढलेल्या जागी असतो, भरलेल्या जागी नाही. तिथे दाबला तर कलमच गुदमरते, म्हणून ती जागा चोळूही नये. नितंबांच्या शस्त्रक्रियेनंतर निदान दोन आठवडे सरळ बसू नये असे सांगतात. नंतर काही आठवडे मांड्यांखाली उशी घेऊन नितंब अधांतरी ठेवायचे. दम लागणे, छातीत दुखणे, एका पोटरीला सूज आणि ठणका, घोटाळल्यासारखे बोलणे, थंडी वाजून ताप, पोट फुगून कडक होणे, कातडीचा काळा पडत जाणारा डाग, किंवा औषधाला न जुमानणारी भलतीच वेदना, यांतले काहीही झाले तर फोनवर फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि दारातच सांगा की चरबीची शस्त्रक्रिया झाली आहे, अमुक दिवशी.

तिथे गेल्यावर पहिल्यांदा लागेल तो कागद म्हणजे ऑपरेशनची नोंद. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे रुग्णाला द्यावी लागतात, पण इतके थांबू नका. घरी सोडतानाच प्रत मागून घ्या. तिच्यात लिग्नोकेन एकूण किती मिलिग्रॅम दिले, काढले किती, भरले किती हे लिहिलेले असावे. आणि "थर" या शब्दापुढची जागा कोरी आहे का ते बघा. तिथे "फक्त कातडीखाली, सोनोग्राफीखाली" असे शल्यविशारदाच्या हस्ताक्षरात आणि सहीनिशी असल्याशिवाय ती प्रत घेऊन बाहेर पडू नका.